ग्रीकांचे थोरले देव आणि आपल्या कमरेच्या किल्ल्या



टायटन म्हटलं की आपल्याला मनगटावरचं घड्याळ आठवतं, फार तर बुडालेलं ते जहाज. टायटन मूळचे कोण, याच्याशी आपला कधी संबंध आला नाही. आमच्याकडे नातवंडांची ग्रीक देवांची पुस्तकं यायला लागली आणि दुपारी पडल्या पडल्या मीही ती चाळू लागले. मुलांच्या पुस्तकांत या थोरल्या देवांना दोन पानांत उरकतात आणि लगेच झ्यूसच्या विजेकडे जातात. म्हणून मग जुन्या ग्रीक काव्यांची भाषांतरं मिळवून वाचली.

स्वाध्याय मंडळातल्या एकीनं विचारलंच, "मिथ्या देवांच्या गोष्टी कशाला वाचायच्या, ताई?" मी म्हटलं, देव म्हणून वाचूच नकोस. एक मोठं एकत्र कुटुंब म्हणून वाच. त्या कुटुंबात तीन पिढ्या एकाच गोष्टीवरून रक्तपात चालला आहे, आणि ती गोष्ट म्हणजे म्हाताऱ्यांनी हातातलं कधी सोडायचं. आपल्या वयाच्या बायकांनी या गोष्टी नातवंडांच्या आधी वाचाव्यात असं माझं मत आहे. का, ते सांगते.

हेसिअड नावाचा एक ग्रीक कवी इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास होऊन गेला. देवांची वंशावळ त्यानं काव्यात लिहून ठेवली. सुरुवातीला गाया, म्हणजे पृथ्वी, आणि तिचा नवरा युरेनस, म्हणजे आकाश. त्यांना बारा मुलं झाली, सहा मुलगे आणि सहा मुली. हेच ते टायटन. त्यांच्याशिवाय एका डोळ्याचे तिघे आणि शंभर हातांचे तिघे असेही मुलगे झाले. युरेनसला ही मुलं डोळ्यासमोर नकोत. जन्मलेलं मूल तो परत पृथ्वीच्या पोटात ढकलायचा, उजेड दिसू द्यायचा नाही. गाया त्या भारानं कण्हायला लागली. शेवटी तिनं एक धारदार विळा घडवला आणि मुलांना म्हणाली, तुमच्या बापाला धडा शिकवायला कोण तयार आहे? सगळे घाबरून गप्प बसले. धाकटा क्रोनस तेवढा पुढे झाला. तो दबा धरून बसला आणि रात्री बाप आला तेव्हा त्या विळ्यानं त्यानं बापाचं पौरुष कापून टाकलं. तिथून क्रोनसचं राज्य सुरू झालं.

क्रोनसनं आपल्याच बहिणीशी, रिआशी, लग्न केलं. (हे वाचून आपल्याला कसंसं होतं. पण आपल्याकडेही भोगभूमीत जुळी जन्मायची आणि तीच पुढे जोडपं व्हायची हे आपण पुराणात ऐकतोच, तेव्हा नाक मुरडू नये.) आईबापांनी क्रोनसला बजावलं होतं की तुझाही मुलगाच तुला खाली खेचील. म्हणून रिआला मूल झालं रे झालं की तो ते गिळायचा. हेस्टिया, डिमीटर, हेरा या तीन मुली, हेडीस आणि पोसायडन हे दोन मुलगे, अशी पाच मुलं पोटात गेली. सहाव्या वेळी रिआ क्रीट बेटावर गेली, बाळ गुहेत लपवलं आणि दुपट्यात एक धोंडा गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तोही गिळला. एवढा मोठा देव, पण दुपटं उघडून पाहण्याइतकीही माया नव्हती.

गोया या स्पॅनिश चित्रकाराचं मूल खाणाऱ्या क्रोनसचं चित्र आहे. सत्तरी ओलांडल्यावर, १८१९ ते १८२३ च्या दरम्यान, त्यानं ते स्वतःच्याच घराच्या भिंतीवर काढलं होतं. आता ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. नातवंडांना दाखवू नका, रात्री झोपणार नाहीत. मात्र हेसिअडच्या काव्यात क्रोनस चावत नाही, अख्खंच गिळतो. म्हणून तर पुढे पाचही मुलं धडधाकट बाहेर पडली. आधी तो धोंडा ओकला, मग मुलं.

लपवलेलं बाळ म्हणजे झ्यूस. तो मोठा झाला, भावंडांना सोडवलं आणि थोरल्यांशी लढाई सुरू झाली. थोरले ऑथ्रिस डोंगरावर, धाकटे ऑलिम्पसवर. दहा वर्षं निकाल लागेना. मग झ्यूसनं त्या शंभर हातांच्या काकांना जमिनीखालून सोडवून आपल्या बाजूला आणलं. तिघांचे मिळून तीनशे हात, एका दमात तीनशे धोंडे. टायटन हरले आणि टार्टारसमध्ये कोंडले गेले. ही जागा किती खोल? आकाशातून काशाची ऐरण सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीला लागेल, आणि जमिनीपासून टार्टारस पुन्हा तेवढाच खाली.

इथं मुलांची पुस्तकं संपतात. वाईट हरले, चांगले जिंकले. पण हेसिअड पुढे सांगतो ते नीट वाचा. झ्यूसची पहिली बायको मेटिस, म्हणजे शहाणपण. तिला दिवस गेले तेव्हा पुन्हा तेच भाकीत आलं, हिला पुढे मुलगा होईल आणि तो राजा होईल. झ्यूसनं काय केलं? मेटिसलाच गिळलं. आजोबानं मुलं आईच्या पोटात कोंडली, बापानं स्वतःच्या पोटात कोंडली, नातवानं आईच पोटात घातली! ज्याच्यासाठी दहा वर्षं लढला, तेच तोही करून बसला. मुलगी अथीना मात्र त्याच्या डोक्यातून बाहेर आलीच. पुढे थेटिस नावाची एक जलदेवता झ्यूसला आवडली होती, पण तिचा मुलगा बापापेक्षा वरचढ निघेल असं कळल्यावर तिचं लग्न एका माणसाशी लावून टाकलं. तो मुलगा म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला अकिलीस.

मी यावर बराच विचार केला. हे देव इतके भितात कशाला? माझ्या मते कारण एकच, त्यांना मरण नाही. ज्याला कधी जायचंच नाही त्यानं सोडायचं कशासाठी? आणि पुढचा वर यायचा तर ओढून काढल्याशिवाय येणार कसा? आपल्या धर्मात देवगतीलाही आयुष्याची मर्यादा आहे. गळ्यातली माळ कोमेजायला लागली की देवाला कळतं, आता सहा महिने राहिले. शिवाय देवांना व्रत घेता येत नाही, संयम धारण करता येत नाही, तो फक्त माणसाला. पंचकल्याणकात दीक्षेच्या दिवशी पालखी कोण उचलणार यावरून देव आणि माणसं यांची हुज्जत होते ना, तो प्रसंग तुम्ही कितीदा पाहिला असेल. देवांकडे सगळं वैभव, पण पालखीला पहिला खांदा माणसाचा, कारण भगवंतांसारखा त्याग तोच करू शकतो. झ्यूसच्या घराण्यात ही सोयच नाही. तिथं राजा होता येतं, राजेपण सोडता येत नाही.

आपले आदिनाथ भगवान बघा. नीलांजना नाचता नाचता नाहीशी झाली, त्यांना वैराग्य आलं, अयोध्या भरताला दिली, पोदनपूर बाहुबलीला, बाकीच्यांना त्यांचा वाटा दिला आणि निघाले. कुणी ओढलं नाही, कुणी भाकीत केलं नाही. अर्थात देऊनही भांडण चुकलं नाही. भरत आणि बाहुबली समोरासमोर उभे राहिलेच. तेव्हा वाटणी केली की सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण ते भांडण बापाशी नव्हतं, आणि जिंकणाऱ्यानंच ते सोडून दिलं.

आणि आपल्याकडे सगळे आदिनाथच झाले असंही नाही. राजगृहाच्या श्रेणिक महाराजांना त्यांच्याच मुलानं, कुणिकानं, कैदेत टाकलं. आई चेलनेनं त्याला सांगितलं, लहानपणी तुझ्या बोटाला पू झाला होता, तू रडायचास, तेव्हा तुझ्या वडिलांनी ते बोट आपल्या तोंडात धरलं होतं. ते ऐकून कुणिक बापाला सोडवायला धावला. श्रेणिकांना वाटलं हा मारायलाच येतोय, आणि त्यांनी आपला जीव दिला. क्रोनसच्या गोष्टीपेक्षा ही मला जास्त लागते. भीती इतकी मुरलेली होती की सुटका समोर आली तरी ओळखू आली नाही.

आता बायकांकडे येते. गायाचं मी कौतुक करणार नाही. नवऱ्यानं छळलं हे खरं, पण तिनं मुलाच्या हातात विळा दिला. आपल्या घरांत हे चालत नाही का? नवऱ्याशी स्वतः बोलायचं सोडून मुलाला तयार करायचं, "तुझे वडील असे, तुझे वडील तसे." विळा दिसत नाही एवढंच. मग तो मुलगा पुढे बायकोशी, मुलांशी तसाच वागला की आपणच कपाळाला हात लावतो. रिआची मात्र मला दया येते. पाच बाळंतपणं आणि पाचही वेळा ओटी रिकामी. तिच्या धोंड्याला मी मायाचार म्हणू शकत नाही. तत्त्वचर्चेत कुणी म्हणालंच तर ऐकून घेईन.

पण ज्या बाईसाठी मी हा लेख लिहायला बसले ती वेगळीच आहे. सहा टायटन बहिणींत एक फीबी. तिच्या नावाचा अर्थ तेजस्वी. हेसिअड तिच्याबद्दल फारसं सांगत नाही. तिची मुलगी लेटो आणि लेटोचा मुलगा अपोलो, म्हणजे फीबी अपोलोची आजी. एस्किलस नावाच्या नाटककाराचं एक नाटक इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्समध्ये झालं. त्याच्या सुरुवातीलाच डेल्फीची पुजारीण उभी राहून त्या जागेचा इतिहास सांगते. डेल्फी म्हणजे ग्रीकांचं सगळ्यांत मोठं प्रश्न विचारायचं ठिकाण. राजे लढाईला जाण्याआधी तिथं कौल लावायला यायचे. पुजारीण म्हणते, ही गादी आधी गायाची होती, मग तिची मुलगी थेमिस बसली, मग थेमिसच्या राजीखुशीनं, कुणावर जबरदस्ती न होता, फीबी बसली. आणि फीबीनं ती अपोलोला वाढदिवसाची भेट म्हणून दिली.

मी हे दोनदा वाचलं. आजीनं नातवाला वाढदिवसाला आपली गादीच देऊन टाकली! याच कुळातल्या पुरुषांनी विळे घडवून घेतले, मुलं गिळली, डोंगरावरून धोंडे फेकले. आणि याच कुळात आईकडून मुलीकडे, बहिणीकडून बहिणीकडे, आजीकडून नातवाकडे जागा गेली आणि रक्ताचा थेंब सांडला नाही. दुसऱ्या कथांत अपोलोनं तिथली नागीण मारून ती जागा घेतली असं आहे, आणि तीच गोष्ट जास्त चालते. मारामारीची गोष्ट नेहमीच जास्त चालते.

थोरल्यांत आणखी एक शहाणा होता, ओशनस, सगळ्या भावंडांत वडील. त्याची मुलगी स्टिक्स. युद्ध पेटलं तेव्हा ती आपली मुलं घेऊन सर्वांत आधी झ्यूसकडे गेली, आणि हेसिअड सांगतो की ती वडिलांच्या सल्ल्यानं गेली. मुलीला नव्या घराच्या बाजूनं पाठवलं आणि स्वतः आपल्या जागी राहिला. झ्यूसनं स्टिक्सला मान दिला, देवांची शपथ तिच्या पाण्यावर घ्यायची असं ठरलं. ओशनस टार्टारसमध्ये गेला नाही. पृथ्वीभोवती त्याचा प्रवाह वाहतच राहिला.

आता आपल्या किल्ल्या. आपल्यातल्या कितीजणी साठी-पासष्टीला येऊनही सुनेच्या हाती कपाटाची किल्ली देत नाहीत ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. सून चाळिशीची झाली, तिची मुलं दहावीला बसली, तरी पर्युषणात कुणाला जेवायला बोलवायचं, चौक्यात कोण शिरणार, लोणच्याला मीठ किती, हे सासूबाईंना विचारल्याशिवाय होत नाही. आणि मग म्हणायचं, "ही काही जबाबदारीच घेत नाही." गिळलेलं मूल पोटात ठेवून ते चालत का नाही म्हणून विचारण्यातला हा प्रकार आहे.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: दयादत्ति, पात्रदत्ति, समदत्ति आणि अन्वयदत्ति. शेवटचं म्हणजे आपलं घर, धन आणि धर्म चालवण्याची जबाबदारी मुलाच्या स्वाधीन करणं. ते दानात धरलं आहे! आपण दान म्हटलं की आहारदान आठवतो, मंदिराला पंखा दिल्याची पाटी आठवते. घरचा कारभार पुढच्याच्या हाती दिल्याची पाटी कुठे लागलेली मी पाहिली नाही. ग्रंथांत दाता पुरुष आणि घेणारा मुलगा आहे, पण घराची खरी उलाढाल आपल्याच हातून होते, तेव्हा सासूनं सुनेला देणंही मी त्यातच धरते.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांतही उतरत जायच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. आठवी आरंभत्याग, म्हणजे कामधंदा सोडणं. नववी परिग्रहत्याग. दहावी अनुमतित्याग, घरच्या व्यवहारात संमती किंवा सल्ला देणंही सोडणं. पैसा सोडल्यानंतरची ही पायरी आहे हे लक्षात घ्या. म्हणजे शास्त्रकारांना ठाऊक होतं की तिजोरी सुटते, जीभ सुटत नाही. मी काही प्रतिमाधारी नाही, पण या क्रमाचं मला नेहमी नवल वाटतं.

मी बी.कॉम. झालेली बाई, म्हणून एक गोष्ट व्यवहाराची. नॉमिनी लावला म्हणजे दिलं, असं समजू नका. नॉमिनी म्हणजे आपण गेल्यावर बँकेकडून पैसे घेणारा. बहुतेक वेळा तो मालकही नसतो, हक्क वारसांचा राहतो. ते देणं नव्हे, ती मेल्यानंतरची सोय. देणं म्हणजे जिवंतपणी, हात चालत असताना, आणि दिल्यावर रोज उठून हिशोब न मागता. पण श्रेणिक महाराज विसरू नका. कारभार द्या, राहतं घर घाईनं नावावर करू नका. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात आपल्याला सांभाळायची अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. अट घालून मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्द ठरवून मागता येतं. फीबीनं गादी दिली म्हणून ती रस्त्यावर आली असं काही एस्किलस सांगत नाही.

किल्ल्या दिल्या की आपल्याला विचारणार कोण, ही भीती खरी आहे. मी ती हसण्यावारी नेत नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं एकच काम केलं तिच्याकडून ते घेतलं तर तिच्याकडे उरतं काय? टायटनांचंही नंतर काय झालं याची ग्रीकांना टोचणी असावी. पिंडार नावाच्या कवीनं पुढे लिहिलं की झ्यूसनं टायटनांना सोडून दिलं. दुसरीकडे तो सांगतो की पुण्यवान मेल्यावर ज्या बेटांवर जातात तिथं क्रोनसचा मनोरा आहे. अथेन्समध्ये क्रोनसचा सण उन्हाळ्यात असायचा, त्या दिवशी मालक आणि गुलाम एकत्र जेवायला बसायचे. त्याचं राज्य म्हणजे सुवर्णयुग होतं, असंही हेसिअडच दुसऱ्या काव्यात म्हणतो. पाडलेल्या म्हाताऱ्याची आठवण लोकांनी अशी गोड करून घेतली. (रोमन लोकांनी या क्रोनसला आपल्या सॅटर्न देवाशी जोडलं, आणि आकाशातला सॅटर्न म्हणजे आपला शनी. शनीच्या धाकानं पैठणला मुनिसुव्रत भगवंतांच्या दर्शनाला जाणाऱ्या मैत्रिणींना सांगते, दर्शनाला अवश्य जा, धाकानं जाऊ नका.)

क्रोनसनं ओकलेला तो धोंडा झ्यूसनं डेल्फीलाच ठेवला. दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तिथं गेला होता, तो लिहितो की तो दगड फार मोठा नव्हता, त्यावर रोज तेल ओतत आणि सणाला कच्ची लोकर ठेवत. फीबीसाठी तिथं वेगळं काही केलेलं मला वाचायला मिळालं नाही. अपोलोला मात्र ग्रीक फीबस अपोलो म्हणायचे, आणि एस्किलसची पुजारीण सांगते की ते नाव त्याला आजीकडून मिळालं.